लॅपटॉपची स्क्रीन निवडताना: इंच, पिक्सेल आणि पाठीवरचं ओझं

पुस्तकांची मांडणी आणि मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. दिवसभर डोळे बारीक अक्षरांत, आणि लॅपटॉप सॅकमध्ये टाकून कधी लेखकाकडे, कधी छापखान्यात, कधी ग्रंथालयात. स्क्रीन मोठी हवी आणि ओझंही हलकं हवं, अशी माझी दुहेरी मागणी. त्यामुळे असेल, पण ओळखीतलं कुणी लॅपटॉप घ्यायला निघालं की मला फोन येतो. प्रश्न ठरलेला: "चौदा इंची घेऊ की पंधरा पॉइंट सहा?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला: "उघडणार कुठे?"

इंचांचा आकडा शेवटी बघायचा. आधी जागा, मग सेंटिमीटर, मग तुमचे डोळे. या तिन्हींचा हिशेब झाला की इंच आपोआप ठरतात.

आधी जागा

आठवड्यातले जास्तीत जास्त तास लॅपटॉप कुठे उघडा असेल, याचं खरं उत्तर स्वतःला द्या. कुठे उघडावासा वाटतो ते नव्हे, कुठे उघडला जातो ते. घरात एकच ठरलेलं टेबल, तिथेच काम, महिन्यातून एखादा प्रवास, असं असेल तर १६ इंची घ्या आणि पुढचं फारसं वाचूही नका. रोज पाठीवर न्यायचा, वर्गात, गाडीत, परक्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर उघडायचा असेल तर १३ ते १४ इंचांच्या वर जाऊ नका.

अडचण मधल्या लोकांची असते, म्हणजे घरी टेबल आहे आणि बाहेरही जावं लागतं त्यांची. त्यांना माझा सल्ला असा, की दोन्ही गरजा एकाच स्क्रीनवर लादू नका. लॅपटॉप छोटा घ्या आणि टेबलावर वेगळा मॉनिटर ठेवा. २७ इंची, २५६० × १४४० पिक्सेलचा मॉनिटर अक्षरांच्या कामाला उत्तम. २४ इंची फुल एचडी (१९२० × १०८० पिक्सेलच्या) मॉनिटरवर इंचाला ९२ पिक्सेलच येतात, त्यामुळे बारीक टायपातला मजकूर थोडा खरखरीत दिसतो, पण कोष्टकं आणि पत्रव्यवहार यांना तोही चालतो. १६ इंची लॅपटॉप रोज वाहून नेण्यापेक्षा ही जोडी माझ्या मते कधीही सरस. मान खाली घालून बसावं लागत नाही, हा वरचा फायदा.

माझा भाचा कॉलेजला लागला तेव्हा त्याला मोठा गेमिंग लॅपटॉप हवा होता. "अगं मावशी, दोन पॉइंट तीन किलोच तर आहे!" त्याला म्हटलं, "चार्जर धरून सांग." मग तो गप्प झाला. अशा लॅपटॉपचा २०० वॉटच्या पुढचा चार्जर स्वतःच अर्धा-पाऊण किलोचा असतो, आणि तो घरी ठेवून चालत नाही, कारण बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. म्हणजे झाले तीन किलो. त्यात पाण्याची बाटली आणि वह्या धरायच्याच.

आता सेंटिमीटर

स्क्रीनचे इंच कर्णात मोजतात, एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत. पण वाचताना आपण तिरकं वाचत नाही. वाचणाऱ्याला लागते ती उंची, आणि ती इंचांवर जितकी अवलंबून असते तितकीच स्क्रीनच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणावरही. बरीच वर्षं जवळजवळ सगळे लॅपटॉप १६:९ या प्रमाणात यायचे. सिनेमाला ते छान, पानाला वाईट. आता १६:१० पुन्हा सगळीकडे दिसतं, आणि काही लॅपटॉप ३:२ मध्येही मिळतात. यांतला फरक सेंटिमीटरमध्ये मांडला की डोळे उघडतात.

१५.६ इंची, १६:९ ची स्क्रीन ३४.५ सेंमी रुंद आणि १९.४ सेंमी उंच असते. १४ इंची, १६:१० ची ३०.२ सेंमी रुंद आणि १८.८ सेंमी उंच. म्हणजे कागदावर दीड इंचाहून मोठा वाटणारा फरक उंचीत जेमतेम सहा मिलिमीटरचा. १३.५ इंची, ३:२ ची स्क्रीन तर १९ सेंमी उंच भरते. लांबलचक मजकूर वाचायचा, लिहायचा किंवा कोड लिहायचा असेल तर हे तीन लॅपटॉप जवळजवळ एकाच घरातले समजा, आणि त्यांतला सर्वांत हलका उचला.

वरच्या टोकालाही हीच गंमत. १६ इंची, १६:१० ची स्क्रीन १५.६ इतकीच रुंद, ३४.५ सेंमी, पण उंची २१.५ सेंमी. आणि जुन्या १७.३ इंची, १६:९ ची उंचीही तेवढीच, २१.५. मग त्या १७.३ ला ३८ सेंमी रुंदीचं धूड कशासाठी सांभाळायचं? सिनेमासाठी किंवा शेजारीशेजारी दोन खिडक्या लावण्यासाठी सांभाळत असाल तर ठीक. वाचनासाठी नको.

माझ्या कामातलं उदाहरण देते. डेमी आकाराचं पान साधारण १४ सेंमी रुंद आणि २१.५ सेंमी उंच. समोरासमोरची दोन पानं उघडली की रुंदी २८ सेंमी. १६ इंची, १६:१० वर ही जोडी संपूर्ण पडदा व्यापून खऱ्या आकारात बसते. १४ इंचीवर वरच्या पट्ट्या आणि खालचा टास्कबार वगळून उभी जागा १६ सेंमीच्या आसपास उरते, म्हणजे तीच पानं पाऊण आकारात दिसतात. मांडणी बघायला पाऊण आकार पुरतो. अनुस्वार शोधायला पुरत नाही, तेव्हा एकच पान मोठं करून वाचावं लागतं. तुमच्या कामातला असा 'एक नग' कोणता, ते ठरवा: ए-४ चं पान, बारा महिन्यांचं कोष्टक, गाण्याच्या ट्रॅकची पट्टी, घराचा नकाशा. तो नग स्क्रीनवर केवढा दिसायला हवा, हे मोजपट्टी घेऊन पाहिलंत की अर्धं काम झालं.

पुठ्ठ्याची युक्ती

विकत घेण्याआधी ही एक गोष्ट नक्की करा. मनात असलेल्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात त्याची बाहेरची मापं दिलेली असतात. त्या मापाचा पुठ्ठा कापा आणि एक-दोन दिवस तो लॅपटॉप समजून वागवा. सॅकमध्ये घाला, चेन लावून बघा. मांडीवर ठेवा. ज्या टेबलाच्या कोपऱ्यावर काम करता तिथे ठेवून शेजारी वही आणि कप मावतो का पाहा. १४ इंचीचा पुठ्ठा ए-४ कागदापेक्षा थोडाच मोठा निघतो, ३१-३२ सेंमी बाय २२ सेंमीच्या आसपास. १६ इंचीचा सहज ३५-३६ बाय २५ सेंमी होतो.

सॅकवरच्या '१५.६ इंच' या लेबलवर विसंबू नका. तो कप्पा १६:९ च्या चपट्या लॅपटॉपसाठी बेतलेला असतो. १६ इंची, १६:१० चा लॅपटॉप रुंदीत बसतो, पण खोलीला जास्त असल्यामुळे वर चेनपाशी अडकतो.

प्रवासात आणखी एक अडचण येते, ती म्हणजे उघडलेल्या झाकणाची उंची. विमानात किंवा बसमध्ये पुढच्या माणसानं पाठ मागे रेलली की स्क्रीन मागे झुकवायला जागाच राहत नाही. मोठी स्क्रीन मग पोटाशी अर्धवट मिटलेल्या अवस्थेत वापरावी लागते. तेवढ्याच मापाचा दुसरा पुठ्ठा मागच्या कडेला झाकणासारखा जोडलात तर हेही आधीच कळतं.

रिझोल्यूशन म्हणजे जागा नव्हे

इथे सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा निवांत सांगते.

रिझोल्यूशन म्हणजे स्क्रीनवर आडवे किती आणि उभे किती पिक्सेल आहेत तो आकडा. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, एकूण २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, त्याच्या बरोबर चौपट. दुकानदार हा आकडा असा सांगतो की जणू स्क्रीन चौपट मोठी झाली. ती होत नाही. तितक्याच जागेत चौपट बारीक ठिपके येतात, एवढंच.

पूर्वी पिक्सेल वाढले की स्क्रीनवर जास्त मजकूर मावायचा, कारण अक्षर ठरावीक पिक्सेलांचं असायचं. तसं आजही करता येतं, पण १५.६ इंची फोर-केवर केलंत तर अक्षरं मुंगीएवढी होतील. म्हणून संगणक स्केलिंग करतो, म्हणजे सगळं सव्वापट, दीडपट, दुप्पट मोठं करून दाखवतो. आणि स्केलिंग लावलं की 'जागा' परत कमी होते. फुल एचडीला १२५ टक्के स्केलिंग लावलं की वापरायला १५३६ × ८६४ एवढी जागा मिळते. १५.६ इंची फोर-केला अक्षरं तेवढ्याच आकाराची ठेवायला २५० टक्के लावावं लागतं. तेव्हा जागा किती मिळते? १५३६ × ८६४. तीच. एक ओळही जास्त मावत नाही. फक्त अक्षरांच्या कडा रेखीव होतात.

याचा मी एक सोपा हिशेब करून ठेवलाय. स्क्रीनची घनता, म्हणजे इंचाला किती पिक्सेल, ती काढायची आणि तिला स्केलिंगनं भागायचं (१२५ टक्के असेल तर १.२५ नं). घनता काढायला रुंदीच्या पिक्सेलांचा वर्ग अधिक उंचीच्या पिक्सेलांचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, भागिले इंच. कंटाळा असेल तर हे आकडे तयार घ्या: १५.६ इंची फुल एचडी १४१, १४ इंची फुल एचडी १५७, १४ इंची १९२० × १२०० ला १६२, १४ इंची २८८० × १८०० ला २४३, १६ इंची २५६० × १६०० ला १८९, १५.६ इंची फोर-के २८२.

भागाकार १०५ ते १२५ च्या दरम्यान आला तर लॅपटॉपच्या नेहमीच्या अंतरावरून बहुतेकांना अक्षरं सुखाची वाटतात. १३० च्या वर गेला की माणूस नकळत पुढे वाकतो. मी अनेकांच्या लॅपटॉपवर हे पाहिलंय: मान पुढे, हनुवटी वर, आणि तक्रार पाठीची. चाळिशी ओलांडलेल्यांनी ११० च्या आसपास राहावं. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला) असेल तर स्क्रीनसाठी वेगळा चष्मा करून घ्या, तो विषय निराळा.

आता वरचे आकडे यात घाला. १४ इंची, २८८० × १८०० ला २०० टक्के स्केलिंग: भागाकार १२१, जागा १४४० × ९००. १६ इंची, २५६० × १६०० ला १५० टक्के: भागाकार १२६, जागा १७०७ × १०६७. अक्षरं जवळजवळ सारखीच, पण १६ इंचीवर दोन खिडक्या शेजारी ठेवल्या तर प्रत्येकीला साडेआठशेच्या वर रुंदी मिळते. १४ इंचीवर ७२०, आणि तेवढ्यात बऱ्याच वेबसाइट आक्रसून मोबाइलसारख्या दिसायला लागतात. स्क्रीनवर किती मावेल हे इंच आणि तुमचे डोळे मिळून ठरवतात. ते किती सुबक दिसेल एवढंच पिक्सेल ठरवतात. दुकानात या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात, तिथेच घोळ होतो.

उंचीतला वाढावाही लहान समजू नका. १९२० × १२०० ला १२५ टक्के लावलं तर ९६० उभी जागा मिळते, फुल एचडीला ८६४. हा ९६ चा फरक म्हणजे २४ पिक्सेल उंचीच्या ओळीनं चार ओळी. चार ओळी काही फार वाटत नाहीत, पण परिच्छेद पानावर तुटतो की नाही हे त्या चार ओळींवर ठरतं.

किती बारीक ठिपके पुरेत

चांगल्या नजरेचा माणूस साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. त्यावरून हिशेब केला तर ६० सेंमी अंतरावरून इंचाला सुमारे १४५ पिक्सेल पुरतात, ५० सेंमीवरून सुमारे १७५, ४५ सेंमीवरून १९५. तीक्ष्ण नजरेच्या तरुणांना याच्या पलीकडचंही दिसतं, पण फायदा झपाट्यानं कमी होत जातो. अ‍ॅपलनं २०१२ मध्ये पहिला रेटिना मॅकबुक प्रो काढला तो १५.४ इंची, २८८० × १८०० चा होता, इंचाला २२० पिक्सेल. आजही मला २२० ही लॅपटॉपसाठी पुरेशी वरची मर्यादा वाटते. त्याच्या पुढचे पिक्सेल तुम्ही विकत घेता, वाहून नेता, बॅटरी देऊन पोसता, आणि बघत मात्र नाही.

खालची मर्यादा सांगायची तर १३६६ × ७६८ ची १५.६ इंची स्क्रीन, इंचाला १०० पिक्सेल, अजूनही जुन्या आणि अगदी स्वस्त लॅपटॉपांवर दिसते. ती घेऊ नका. इंग्रजी मजकूर तिच्यावर कसाबसा चालून जातो, देवनागरी नाही. रोमन अक्षराला वर-खाली फारसं काही लटकत नाही. आपल्याकडे शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, मात्रेवर अनुस्वार, खाली उकार, मध्ये अर्धं अक्षर. 'उद्ध्वस्त', 'दृष्टिक्षेप', 'वाङ्मय', 'कर्तृत्व', 'सौंदर्य' हे शब्द १२ पॉइंटात लिहून शंभरच्या घनतेवर पाहा. 'द्ध्व' चा गोळा होतो, 'त' खालचा 'ृ' म्हणजे नुसता डाग, आणि 'सौं' मधल्या दोन मात्रा आणि टिंब एकमेकांत मिसळतात. मला ऱ्हस्व-दीर्घ उकाराच्या चुका शोधायच्या असतात. शंभरच्या घनतेवर 'सु' आणि 'सू' यांतला फरक दोन-तीन पिक्सेलांचा राहतो, तोही करड्या रंगात.

आणखी एक बारकावा. शिरोरेघ बारीक फॉन्टात एक-दीड पिक्सेल जाडीची येते. दीड म्हणजे काय, तर एक पिक्सेल काळा आणि शेजारचा करडा. दीडशेच्या घनतेपर्यंत तो करडा थर नीट बघितला तर दिसतो, शब्दांच्या माथ्यावर धूळ बसल्यासारखा. १९० च्या पुढे तो दिसेनासा होतो. म्हणून मराठीत दिवसभर वाचन-लेखन करणाऱ्याला मी फुल एचडीच्या एक पायरी वर जायला सांगते: १४ इंचीत २२४० × १४०० किंवा २५६० × १६००, १६ इंचीत २५६० × १६००. नुसतं ईमेल, व्हिडिओ आणि कोष्टकं असतील तर १४ इंची १९२० × १२०० पुष्कळ झालं, उरलेले पैसे रॅमला द्या.

पिक्सेलांचं बिल

पिक्सेल जास्त म्हणजे बॅटरी कमी. घनता वाढली की दोन पिक्सेलांमधल्या तारा आणि ट्रान्झिस्टर प्रकाशाची जास्त वाट अडवतात, म्हणून तेवढाच उजेड दाखवायला मागचा दिवा जोरात लावावा लागतो. शिवाय चौपट ठिपके रंगवायचं काम ग्राफिक्स चिपला दर सेकंदाला करावं लागतं. एकाच लॅपटॉपचे फुल एचडी आणि फोर-के असे दोन प्रकार असतील तर बॅटरीच्या बाबतीत पहिलाच जिंकतो, आणि फरक मिनिटांचा नव्हे तर तासांचा असू शकतो. ओलेड स्क्रीनमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, म्हणून तिचा हिशेब उलटा: काळा पिक्सेल जवळजवळ फुकट, पांढरा महाग. सिनेमा बघणाऱ्याला ते मानवतं. माझ्यासारखीला, जिच्यासमोर दिवसभर पांढरं पान, ते मानवत नाही.

गेम खेळणाऱ्यांसाठी एवढंच, की फोर-के स्क्रीनवर गेम फुल एचडीत चालवता येतो, कारण चार ठिपक्यांचा एक होतो. २५६० × १६०० वर तोच गेम १९२० × १२०० ला चालवला तर गुणोत्तर पूर्णांकात येत नाही आणि चित्र थोडं मऊ पडतं. खेळताना ते फारसं जाणवत नाही, अक्षरं वाचताना जाणवतं.

विंडोजवर काही जुनी सॉफ्टवेअरं वाढवलेल्या स्केलिंगला अस्पष्ट दिसतात. तुमचा रोजचा घास अशा एखाद्या जुन्या प्रोग्रॅमवर चालत असेल (डीटीपीवाल्यांना मी काय म्हणते ते कळेल), तर जास्त घनतेची स्क्रीन घेण्याआधी तो प्रोग्रॅम कुणाच्या तरी तशा लॅपटॉपवर उघडून बघा.

वजन आणि आकार या दोन गोष्टी आहेत

हलका म्हणजे छोटा नव्हे. एलजीचा 'ग्रॅम' नावाचा १७ इंची लॅपटॉप साधारण १.३५ किलोचा, आणि १४ इंची मॅकबुक प्रो दीड किलोच्या वर. पाठीला 'ग्रॅम' सुखाचा, पण मांडीवर आणि गाडीतल्या छोट्या टेबलावर तो १७ इंचीच असतो. उलट मॅकबुक एअरच्या १३.६ इंचीचं वजन १.२४ किलो आणि १५.३ इंचीचं १.५१. पाव किलोच्या फरकात दोन इंच जवळपास मिळतात. पाठीवर नेणारे, पण टेबल ठरलेलं असणारे लोक मोठ्याकडे वळले तर मी त्यांना अडवत नाही.

वजन मोजायचं ते सगळ्या सरंजामाचं: लॅपटॉप, चार्जर, केबल, कव्हर. टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर ६५ वॉटचा छोटा चार्जर पाव किलोच्या आत बसतो आणि तोच फोनलाही चालतो. मोठ्या लॅपटॉपची बॅटरी मोठी असते खरी, पण विमानात वेगळी परवानगी न घेता नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास आहे, म्हणून मोठ्यांतले मोठेही ९९ च्या घरात थांबतात. मोठी स्क्रीन खाते जास्त, तेव्हा 'मोठा लॅपटॉप म्हणजे जास्त टिकणारी बॅटरी' हे गृहीत धरू नका.

मोठ्या लॅपटॉपबरोबर आकड्यांचे वेगळे बटण येतात, तेही निवडीत धरा. आमचे भाऊजी सीए आहेत, त्यांचं त्या बटणांवाचून पान हलत नाही. मला ती नकोशी वाटतात. त्यांच्यामुळे मुख्य कीबोर्ड आणि टचपॅड डावीकडे सरकतात आणि अक्षरं टाइप करताना अंग स्क्रीनच्या मध्यापासून बाजूला जातं. तासाभरात काही कळत नाही, संध्याकाळी उजवा खांदा बोलतो. भाऊजींना मी म्हटलंही, "तुम्ही छोटा लॅपटॉप घेऊन आकड्यांचा वेगळा कीपॅड का जोडत नाही?" त्यांनी जोडला, आणि तो आता ते डाव्या हाताला ठेवतात, म्हणजे उजवा हात माउसला मोकळा.

उजेड

इंच आणि पिक्सेल जुळले तरी ब्राइटनेस कमी असेल तर सगळं वाया. ब्राइटनेस निट्समध्ये मोजतात. २५० निट्सची स्क्रीन खिडकीजवळ मळकट दिसते. बंद खोलीत ३०० पुरतात, बाहेर बसायचं तर ४०० च्या वर हवेत. पृष्ठभाग मॅट, म्हणजे न चकाकणारा, असेल तर प्रतिबिंब पसरतं आणि त्रास कमी होतो. रंगांशी संबंध असेल तर माहितीपत्रकात '१०० टक्के एसआरजीबी' शोधा (एसआरजीबी आणि एनटीएससी ही स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायची मापं). '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं दिसलं की लाल रंग विटकरी दिसणार असं समजा.

दुकानात उभं राहून

तिथे लॅपटॉपवर सहसा रंगीबेरंगी व्हिडिओ चालू असतो. तो बंद करा. ब्राउझर उघडून एखादं लांब मराठी पान लावा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं. मग सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली स्केल किती आहे ते बघा, कारण १४ इंची फुल एचडीला विंडोज अनेकदा १५० टक्के लावून ठेवतं आणि मग 'यात काहीच मावत नाही' असं वाटतं. ते १२५ करा, आणि खुर्ची मागून घेऊन बसा. उभ्यानं अंतर जास्त असतं, निर्णय चुकतो. कोपर टेबलावर, स्क्रीन हाताच्या अंतरावर, आणि वर दिलेले जोडाक्षरांचे शब्द टाइप करून वाचा. मान पुढे जाते का, ते बरोबरच्या माणसाला बघायला सांगा. आपलं आपल्याला कळत नाही.

मग ब्राइटनेस अगदी कमी करून फोनच्या कॅमेऱ्यातून स्क्रीन बघा. सरकते जाड पट्टे दिसले तर ती स्क्रीन कमी उजेडात लुकलुकते, आणि रात्री काम करणाऱ्या काहींचं डोकं त्यानं दुखतं. झाकण मागे कलवून रंग उलटेपालटे होतात का पाहा. शेवटी लॅपटॉप मिटवून एका हातानं कोपऱ्याला धरून उचला आणि विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलेपर्यंत तसाच धरून ठेवा.

ऑनलाइन घेणार असाल तर मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन विकल्या जातात, एक ३०० निट्सची फिकट, एक ४०० ची चांगली. पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या पानावर स्क्रीनची ओळ वाचा: इंच, प्रमाण, रिझोल्यूशन, निट्स, रंग. यांतली एखादी माहिती गायब असेल तर विक्रेत्याला लेखी विचारा आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे तेही त्याच पत्रात विचारून ठेवा. लॅपटॉप घरी आल्यावर त्या मुदतीत तो एकदा तरी पूर्ण दिवस बाहेर न्या, चार्जरसकट.